सामानावरची चिठ्ठी

विमानतळावर, हरवलेल्या सामानाच्या खिडकीत
बुरुलचा बसते. वजनकाटा, शिक्का,
काचेच्या पेल्यात निवलेला चहा.
दिवसाकाठी तीनेकशे पेट्या तिच्या पुढ्यातून जातात
आणि प्रत्येकीच्या कानाला लटकत असतं
खोडून टाकलेल्या एका नावाचं शेपूट :
एफ, आर, यू.

फ्रुंझे.

पाट्या बदलल्या, नोटा बदलल्या,
शाळेच्या वह्यांवरचा गिरगोटा बदलला.
रेल्वे स्टेशनसमोर तो सेनापती अजून घोड्यावर आहे,
ज्याचं नाव शहरानं परत केलं.
विमानांना मात्र कुणी कळवलंच नाही.
ती आपली रोज पहाटे
नसलेल्या गावात उतरतात.

बिश्केक म्हणजे
घोडीचं दूध घुसळायचं दांडकं.
म्हणजे आपली रवीच की,
आभाळातला नव्हे, डेऱ्यातली.
नाव जाहीर झालं त्या संध्याकाळी मावशी हसून लोळली होती :
"राजधानीला घुसळणी म्हणायचं?
मग आमच्या गल्लीला लाटणं म्हणा!"
आजोबा हसले नाहीत.
त्यांच्या जिभेवर 'फ' कधी चढलाच नव्हता,
जन्मभर ते पुरुंझे, पुरुंझे म्हणत राहिले.
साहेबांनी सुधारलं, मास्तरणीनं सुधारलं,
शेवटी सरकारनंच हात टेकले, असं ते सांगत,
आणि खुशाल पुन्हा म्हणत : पुरुंझे.

आई दोन्ही वापरते.
वीजबिल, दवाखाना, सुनेच्या माहेरची माणसं — तिथे बिश्केक.
बहिणीशी फोनवर भांडताना फ्रुंझे.
"फ्रुंझेला मी शिवण शिकले,
फ्रुंझेला पहिले टाचेचे बूट घेतले,
तुझा बाप मला फ्रुंझेला भेटला.
बिश्केकला काय? बिश्केकला त्याची पेन्शन बुडाली."
जणू दोन वेगळी स्टेशनं,
आणि मधली गाडी बंद झालेली.

ऑक्टोबरात एक म्हातारा खिडकीशी आला,
वाल्देमार पेन्नर, जर्मनीहून.
पेटी इस्तंबूलला राहिली होती.
तिनं कागद पुढे केला.
नाव लिहिलं त्यानं, पेटीचा रंग लिहिला,
'मुक्कामाचं शहर' इथे पेन अडलं.
सावकाश, शाळेतल्या वळणाची रशियन अक्षरं :
फ्रुंझे.
खोडलं.
वर पाहिलं.
पुन्हा तेच लिहिलं, आणि कान लाल झाले त्याचे.

"राहू द्या," बुरुलचा म्हणाली,
"यंत्राला तेवढंच कळतं."

पेटी तिसऱ्या दिवशी आली.
एक चाक तुटलेलं. आत कॉफीचे डबे,
सांधेदुखीचं मलम, आणि एक लहान
रिकामी फ्रेम, वर्तमानपत्रात गुंडाळलेली.
त्यानं सही केली. जाता जाता बोटानं दाखवलं,
ही चिठ्ठी ठेवली तर चालेल?
नियम असा की चिठ्ठी फाडून टोपलीत.
कोपऱ्यातला कॅमेरा बिघडल्याला महिना झाला होता
हे तिला ठाऊक होतं,
तरी तिनं एकदा त्याच्याकडे पाहिलं.
मग कात्री घेतली, अक्षरांना धक्का न लावता
कडेनं कापली.

बाहेर टॅक्सीवाले ओरडत होते,
बिश्केक, बिश्केक, शहर, शहर!
तो म्हणाला, हो, तिथेच.

रात्री तिनं आईला सांगितलं.
आई बटाटे सोलत होती.
"पेन्नर? किल्ल्या करायचा त्याचा बाप,
बाजाराच्या कोपऱ्यावर, निळ्या टपरीत.
आमचंही कुलूप त्यानंच उघडलं होतं एकदा."
साल लांबच लांब उतरत गेली, तुटली नाही.
"तो तर फ्रुंझेचा," ती म्हणाली.
"बिश्केकला कुणाकडे आला होता?"